कोल्ह्याचं उत्तर

शिकारीसाठी आणलेलं अमेरिकन यंत्र जखमी सशासारखं ओरडे, पण कुवेतचा कोल्हा ढुंकून पाहत नसे. टेक्निशियन अभिजीतने शास्त्रीय विचार करून त्यात कोंबडीचा आवाज भरला. कोल्ह्याने उत्तर दिलं, तरच कुवेती मालक अभिजीतच्या रजेच्या अर्जावर सही करणार होता.

पहाटे वाळवंटात यंत्रातली कोंबडी केकाटली आणि टेकाडापलीकडून कोल्हा भुंकला. मालक हरखला. तासभर कोंबडी आणि कोल्हा एकमेकांना बोलावत राहिले, पण जागचं कुणी हलेना. शेवटी अभिजीत सरपटत टेकाडावर चढला.

पलीकडे दुसरा मालक बंदूक घेऊन बसला होता आणि त्याचा टेक्निशियन विश्वास तसल्याच यंत्रातून कोल्ह्याचं भुंकणं वाजवत होता.

"तुझी कोंबडी काय रे ती?" विश्वास कुजबुजला. "बोलू नको हां. माझी पण रजा अडकलीय."

अभिजीत खाली आला. "कोल्हा आहे, साहेब. लाजतोय."

मालकाने गाडीच्या बॉनेटवरच अर्ज ठेवून सही केली.