एकोणीस गाठींची दोरी

ओली झाले की मी आखडते आणि वाळले की सैल पडते. माणसांचेही थोडेफार असेच असते, हे मी इतक्या वर्षांत पाहिले आहे. मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. सुताची, तीन पदरांची, कपडे वाळत घालायची. माझा एक पदर आता तुटला आहे, दुसरा तुटायच्या बेतात आहे. तिसऱ्याच्या भरवशावर माझी गोष्ट सांगून घेते.

माझा जन्म उलट्या पावलांनी झाला. एका लांबलचक छपरीत दोरवाल्याची बायको एका टोकाला चाक फिरवत बसली होती आणि दोरवाला कमरेला सूत गुंडाळून मागे मागे चालत होता. तो जितका मागे जाई तितकी मी लांब होई. मागे काय आहे हे त्याने एकदाही वळून पाहिले नाही. छपरीच्या भिंतीला पाठ टेकली तेव्हा तो थांबला, मला अंगठ्याने दाबून पाहिले आणि बायकोला म्हणाला, "पीळ छान बसलाय. आता हिचं जे काय व्हायचं ते घेणाऱ्याच्या हातात."

मला घेणारे हात एका आत्याचे होते. तिला सगळेच आत्या म्हणत, गिऱ्हाईकेसुद्धा. पण ती खरी आत्या होती फक्त एकाची. भावाचा पोरका मुलगा तिने वाढवला होता. खाली कपडे धुण्याचे दुकान, मागे राहण्याच्या दोन खोल्या आणि वर गच्ची, एवढा त्यांचा संसार. भाचा मोठा झाल्यावर दुकान तो बघू लागला. त्याची बायको इस्त्री करी. आणि गच्ची होती आत्याची.

पहिल्याच दिवशी तिने मला गच्चीवर नेले. तिथे माझ्याआधीची दोरी जीर्ण होऊन पडली होती. आत्या खाली बसली. डाव्या मांडीवर ती, उजव्या मांडीवर मी. जुनीवर जिथे गाठ होती तिथे तिने माझ्यावर तशीच गाठ मारली. एकूण एकोणीस. एकही दुसरीसारखी नव्हती. दवाखान्यातल्या सिस्टरची गाठ दुहेरी. बेकरीवाल्याची फुगीर, त्याच्या पोटासारखी. शाळेतल्या बाईंची बारीक, तीत लाल दोरा ओवलेला. दोन गाठींच्या मधली जागा एका घराची. ज्या घराचे गाठोडे धुतले जाई, त्याचे कपडे त्याच जागेत वाळत, तिथूनच घड्या होऊन परत त्याच गाठोड्यात जात. हातात नुसती मी असले तरी डोळे मिटून आत्या सांगू शके, की आता आपण कुणाच्या दारात उभे आहोत.

शेवटच्या गाठीपुढे माझा हातभर तुकडा मोकळा राहिला. त्यावर ती आपले स्वतःचे कपडे घाली. तिथे मात्र तिने गाठ मारली नाही.

काय दिवस होते ते! सकाळी चार खांबांमधून आत्या मला ताणून बांधी आणि मग मी जागी आहे की झोपेत हे मलाच कळेनासे होई. ऊन अंगावर येई. वारा चादरींत शिरे आणि चादरी फुगून जहाजांसारख्या निघायला बघत. मी त्यांना धरून ठेवी आणि मनातल्या मनात त्यांच्याबरोबर जाई. लहान बाळांच्या झबल्यांना वजनच नसे. कामगारांच्या जाड विजारी दुपारपर्यंत टपकत राहत. पाणी माझ्यादेखत आकाशात निघून जाई, कुणालाही न विचारता आणि कुणालाही न जाळता. संध्याकाळी आत्या मला सोडून गुंडाळी आणि दुकानातल्या खुंटीवर टांगी. "हिला ओलं राहू द्यायचं नाही," असे ती म्हणे. सुताची दोरी इतकी वर्षे टिकत नाही, मित्रांनो. मी टिकले ती त्या खुंटीमुळे.

मग आत्याचा खांदा धरला.

भाचा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. ओल्या चादरी घेऊन जिना चढताना ती भिंतीला टेकून उभी राहते हे त्याने पाहिले. दमट दिवसांत कपड्यांना कुबट वास येई, गिऱ्हाईके नाक मुरडत, हेही त्याने ऐकले. एके दिवशी त्याने वाळवणीचे यंत्र आणले. पांढरे, गोल तोंडाचे, पोटात पिंप फिरणारे. तो आत्याला म्हणाला, "आता गच्चीवर जायचंच नाही. बटण दाबायचं आणि बसायचं." यंत्र अर्धे भरून फिरवणे परवडत नाही, म्हणून तीन-चार घरांचे कपडे त्यात एकत्र जात. ओळख राहावी यासाठी भाचा प्रत्येक कपड्याला नावाची चिठ्ठी टाचणीने लावी.

मी खुंटीवर गेले ती तिथेच राहिले.

माझ्या शेजारून त्या यंत्राची तार गेली होती. तारही पिळाचीच असते, म्हणजे लांबची का होईना, ती माझी बहीण. यंत्र फिरू लागले की ती गरम होई आणि झोपेत बडबडे. म्हणे, "मी फार लांबून येते गं. तिथे एक उंच धुराडं आहे. खाली कोळशाचा डोंगर आहे. तो डोंगर रोज जळतो आणि आभाळ रोज थोडं जड होतं." मी विचारी, "कशासाठी जळतो?" ती म्हणे, "आत्ता? एका उशीच्या अभ्र्यासाठी." मग मलाही त्याच स्वप्नात ओढल्यासारखे होई. डोंगर, धुराडे आणि त्याच्या टोकावर वाळत घातलेला एक अभ्रा. जाग येई तेव्हा दाराबाहेर लख्ख ऊन पडलेले असे आणि आत यंत्र घरघरत असे.

आत्या चिठ्ठ्या डोळ्यांजवळ नेई, लांब धरी, मान हलवी. भाचेसून मदतीला आली तर म्हणे, "येतंय गं, चष्मा घरात राहिला एवढंच." चष्मा तिच्या पदरातच असे, तो मला खुंटीवरून दिसे. ती कपड्यांच्या आठवणीवर वाटणी करी आणि बहुतेक वेळा बरोबर करी. पण पांढऱ्या कोटाला कसली आठवण असते?

एका सकाळी दवाखान्यातल्या सिस्टर दारात उभ्या राहिल्या. अंगात बेकरीवाल्याचा कोट. दोन सिस्टर सहज मावल्या असत्या. त्या म्हणाल्या, की आज वॉर्डातले सगळे रोगी मला बघून हसले, त्याचं काही नाही, ते बिचारे एरवी कुठे हसतात. पण माझा कोट गेला कुठे? तेवढ्यात बेकरीवाल्याचा निरोप आला, की आपल्याला पाठवलेल्या कोटात एक हातही शिरत नाही. सगळे हसले. भाचाही हसला आणि हसता हसता म्हणाला, "आत्या, अगं नाव लिहिलं होतं ना त्यावर!"

आत्या हसली नाही. तिने कोट घडी केला, उलगडला, परत घडी केला.

त्या आठवड्यात अशा आणखी दोन चुका झाल्या. तेव्हा भाच्याने ठरवून टाकले, की तिचे वय झाले आहे, तिने आता घरात आराम करावा. शिवाय वीज फार खर्च होते म्हणून गच्चीभर सौर पॅनेल बसवायचे, त्यावर यंत्र चालवायचे आणि खांब काढून टाकायचे. म्हणजे धूरही नको आणि कष्टही नकोत. योजना वाईट नव्हती. फक्त तिच्यात आत्याला आणि मला जागा नव्हती. आराम म्हणजे काय हे मला ठाऊक होते. आराम म्हणजे खुंटी.

गच्ची मोजायला पॅनेलवाली फिटर आली. तिशीची असेल, खिशात पेन्सिल आणि गळ्यात दुपट्ट्यासारखी टेप. हत्यारांची पिशवी वर ओढायला तिला दोरी हवी होती, म्हणून तिने मला खुंटीवरून काढले. किती दिवसांनी मला ऊन लागले! पिशवी वर आली तशी माझी एकेक गाठ तिच्या बोटांखालून गेली. ती थांबली.

"काकू, या गाठी कसल्या हो?"

आत्या जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती जवळ आली आणि माझ्यावरून हात फिरवत सांगत गेली, ही सिस्टर, हा बेकरीवाला, या बाई, हे जोडपे सारखे भांडते म्हणून त्यांची गाठ निरगाठ. एकोणिसावे घर झाले तेव्हा फिटर हसून म्हणाली, "आमच्यातही तारांना रंग असतात, काकू. वाचत बसलं तर हात भाजेल. खुणेनं केलेलं काम चुकत नाही."

मग तिने खाली जाऊन यंत्रावरचा आकडा पाहिला, वर येऊन वहीत आकडेमोड केली आणि डोके खाजवले. म्हणाली, की हे यंत्र खादाड आहे. तुमच्या घरातले सगळे दिवे आणि पंखे मिळून खात नाहीत तेवढे हे एकटे खाते. अख्खी गच्ची भरली तरी त्याचे पोट भरायचे नाही.

आत्या कठड्यावर बसली. तिने विचारले, की हे पॅनेल नेमके करते काय? फिटरने समजावले. आत्याने नीट ऐकून घेतले.

"म्हणजे ऊन पकडायचं," ती हळूच म्हणाली, "त्याची वीज करायची, त्या विजेची परत ऊब करायची, आणि त्या उबेनं कपडे वाळवायचे. अगं पोरी, ऊन तर आपल्या पायानं दारात आलं होतं की."

फिटरने पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ ती गच्चीकडे, खांबांकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. मग नवे पान काढून तिने नवे चित्र काढले. पॅनेल थोडी, पण उंच पायांवर, मांडवासारखी. त्यांच्या विजेवर धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप आणि इस्त्र्या चालतील. आणि मांडवाखाली मी. तिथे वारा खेळेल, कडक उन्हाने रंग उडणार नाहीत, सर आली तरी कपडे भिजणार नाहीत. ओझ्यासाठी एक कप्पी, म्हणजे ओल्या चादरी जिन्याने वाहायला नकोत. ती म्हणाली, "पण हे तुमच्या भाच्याला तुम्हीच सांगा. दोरीच का हवी, ते मी नाही सांगू शकत."

खरी अडचण तिथेच होती, मित्रांनो. दोरी का हवी हे सांगायचे, तर गाठी का मारल्या हे सांगावे लागणार होते.

आत्या मला हातात घेऊन खाली आली. भाचा काऊंटरशी चिठ्ठ्या लिहीत होता. तिने मला त्याच्यासमोर ठेवले. माझ्यावरचा तिचा हात ओला होता. मी आखडले.

"मला वाचता येत नाही, बाळा," ती म्हणाली. "कधीच येत नव्हतं."

भाच्याने हातातले पेन खाली ठेवले. इस्त्री थांबली. तो म्हणाला, "मग लहानपणी मला पुस्तकातून गोष्टी वाचून दाखवायचीस त्या?"

"चित्रं बघून सांगायचे."

"तरीच," तो म्हणाला, "दर वेळी शेवट वेगळा असायचा."

त्याने समोरच्या चिठ्ठ्या गोळा करून खणात टाकल्या. मग मला उचलले आणि पहिल्या गाठीवर बोट ठेवून विचारले, "हे कोण?"

महिन्याभरात मांडव उभा राहिला. वाळवणीचे यंत्र कोपऱ्यात गेले. आठवडा आठवडा वारा पडला, हवा फारच ओलसर झाली, तरच त्याला उठवतात. भाचेसुनेने माझ्या प्रत्येक गाठीजवळ कापडाची एकेक पट्टी शिवली आणि तिच्यावर त्या घराचे नाव लिहिले. कपडे वाळत घालता घालता आत्या अक्षरे जुळवून पट्ट्या वाचू लागली. सिस्टरचे नाव पहिल्यांदा वाचता आले तेव्हा ती ते मोठ्याने तीनदा म्हणाली, शेजारच्या गच्चीवरची माणसे बघायला लागली तरी म्हणाली. आता ती सगळी वाचते. तरी बोटे आधी गाठीवरच जातात. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही सगळे वाईट अर्थानेच खरे नसते.

गेल्या महिन्यात तिसऱ्या खांबाशी माझा पदर तुटला. आता मी पुन्हा खुंटीवर आहे, पण या वेळी मनात खंत नाही. शेजारची तार आता धुण्याच्या यंत्राला जोडली आहे, पण ती अजून झोपेत बोलते. पूर्वीचा डोंगर आणि धुराडे तिच्या बोलण्यात क्वचितच येतात. बहुतेक वेळा म्हणते, "आज फार लांबून आले नाही. वरूनच आले, जिना उतरून." ढग दाटले की तिला अजून लांबून यावे लागते, तेव्हा ती गप्प असते.

मित्रांनो, मी एक दोरी. साऱ्या जगाचे आभाळ हलके करणे मला जमणार नाही. पण एक ओला कपडा आणि बाहेर पडलेले ऊन, एवढे समोर असेल तेव्हा बटणाकडे जाणारा हात क्षणभर थांबवा. दारात आपणहून आलेल्याला परत पाठवून त्यालाच लांबून बोलावणे धाडायचे, हे शहाणपण नव्हे. नवे यंत्र जरूर आणा, पण आधी घरातल्या जुन्या हातांना विचारा, की तुम्ही हे कसे करत होता. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर संध्याकाळी तिला आत घ्या.

एक सांगायचे राहिले. परवा नवी दोरी आली. आत्या गच्चीवर बसली, डाव्या मांडीवर मी, उजव्या मांडीवर ती. एकोणीस गाठी एकेक करून माझ्यावरून तिच्यावर गेल्या, पट्ट्याही गेल्या. मग हातभर मोकळा तुकडा उरला. आत्याने त्याच्याकडे पाहिले आणि विसावी गाठ मारली. भाचेसुनेकडून कोरी पट्टी आणि पेन मागून घेतले. जीभ दातात धरून, एकेक अक्षर थांबत थांबत, तिने तिथे एक नाव लिहिले.

ते काय होते हे मला बघून कळले नाही, मित्रांनो. मला वाचता येत नाही. पण भाच्याने ते वाचले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो तिला आत्या न म्हणता त्या नावाने हाक मारून खाली पळाला.