अब्बांचा जबाब

"कुणाचं रक्त हाय हे?"

"बकऱ्याचं."

"कशावरून?"

"मी विकत आणलंय, त्यावरून."

हवालदार कडुबा यांनी टेबलावरची माझी बॅग पेनाच्या टोकानं जरा सरकवली. बॅग अजून ठिबकत होती. चौकीच्या फरशीवरून एक ओघळ पार टेबलाच्या पायापर्यंत गेला होता आणि दारात निम्मी गल्ली उभी राहून तो बघत होती. माझ्या हातांना रक्त, ओढणीला रक्त, चपलेत रक्त. समोरच्या बाकावर सारजाबाई नावाच्या आजी बसल्या होत्या, देवगाव रंगारीहून दवाखान्यासाठी शहरात आलेल्या. त्यांच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ लाल झाला होता आणि माझ्याकडं बघून त्या सारखा कपाळाला हात लावत होत्या.

"अगं बया! म्या म्हणलं, कुणाचं मुंडकंच हाय पिशवीत!"

झालं होतं एवढंच, की सिल्लेखान्यातल्या खाटकाकडून कॉलेजकडं येताना शेअर रिक्षा खड्ड्यात आदळली, आजींचं बाजरीचं गाठोडं माझ्या बॅगेवर पडलं आणि आतल्या बाटलीचं झाकण उडालं. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालावं लागतं. मी घातलं होतं, चांगलं हलवून. म्हणून तर ते पाण्यासारखं रिक्षाभर पळालं. आजी किंचाळल्या, रिक्षावाल्यानं गचकन ब्रेक मारला, कुणीतरी एकशे बाराला फोन लावला. डोक्याला स्कार्फ बांधलेली मुलगी रक्तानं माखून रस्त्यात उभी दिसल्यावर पुढं काय काय होतं, ते मी सांगत बसत नाही. सांगायला लागले तर आजही माझं डोकं फिरतं.

"मी फॉरेन्सिकची विद्यार्थिनी आहे," मी पुन्हा सांगितलं. "एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आज रक्ताच्या शिंतोड्यांचं प्रॅक्टिकल आहे. वेगवेगळ्या उंचीवरून थेंब टाकायचे आणि डाग कसा पडतो ते बघायचं. त्याला रक्त लागतं."

"बरं बरं." हवालदारांनी मला खालून वर पाहिलं. "पण मराठी लई भारी बोलता हो तुम्ही. वाटत नाय."

काय वाटत नाही? दहावीपर्यंत मी सिल्लोडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मराठीत वर्गात पहिली यायचे, आणि हे कौतुक मी अजून ऐकतेच आहे. गिळलं. त्या दिवशी गिळायला बरंच होतं.

"आमच्या सरांना फोन लावा. त्यांनीच आणायला सांगितलंय."

सोमनाथ सरांनीच सांगितलं होतं. आजच्यापुरतंच नव्हे, दोन वर्षं सांगत होते. पहिल्या वर्षी त्यांनी वर्गात विचारलं, बकऱ्याचं रक्त कोण आणू शकेल? कुणी हात वर केला नाही. मग सर माझ्याकडं बघून गोड हसले, तसा सगळा वर्गही वळला. "सदफ, तुमच्याकडं असेल ना कुणीतरी ओळखीचं?" दर रविवारी ढाब्यावर मटण हाणणारी निम्मी पोरं त्या वर्गात बसली होती. पण खाटकाची ओळख असणार ती माझीच! माझे अब्बा वाळूजला कंपनीत गाड्यांच्या पार्टना रंग मारतात. आमच्या खानदानात कुणी कधी खाटकाची सुरी हातात धरलेली नाही. खाटकाचं दुकान कुठं असतं, हे मला माझ्या मैत्रिणीला, रूपालीला विचारावं लागलं. तिच्या घरी दर बुधवारी मटण शिजतं, तिला पत्ता पाठ होता. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

खरं तर कॉलेजचा नियम असा, की प्राण्याचं काहीही आणायचं तर प्राचार्यांची परवानगी घ्यायची आणि ते स्टोअरनं मागवायचं. सरांना तो खटाटोप नको असायचा. "तू आण गं, पाच मिनिटांचं काम." आणि मी आणायचे. नाही म्हटलं तर सर काय म्हणतील, याचीच भीती.

हवालदारांनी फोन स्पीकरवर टाकला.

"हो, सदफ आमचीच विद्यार्थिनी," सर म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. "पण रक्तबिक्त आणायला आम्ही कुणाला सांगत नाही. तशी पद्धतच नाही आमच्याकडं. तिनं स्वतःहून काही केलं असेल तर मला कल्पना नाही."

"सर!" मी ओरडलेच. "काल अख्ख्या वर्गासमोर तुम्ही मला..."

फोन बंद.

"सायबास्नी काय ठावं दिसत नाय," हवालदार म्हणाले.

  मी रूपालीला फोन लावला. ती कुजबुजतच बोलली. "सर इथंच होते गं, दारात. फोन ठेवला आणि म्हणाले, चला, आज लाल शाईवर भागवू. सगळे शाईचे थेंब टाकतायत. थांब, मी येते तिथं, सांगते त्यांना सगळं." मी तो फोन हवालदारांपुढं धरला. त्यांनी मान हलवली. पोरीबाळींच्या सांगण्याचा उपयोग नव्हता, संस्थेचं कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून रूपालीला मी येऊ नकोस म्हणाले.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. एकशे बाराला फोन झाला म्हणजे रक्त कशासाठी होतं, कुणी मागवलं, हे लिहून घेऊन प्रकरण मिटवावं लागतं. कुणीच जबाबदारी घेतली नाही तर बाटली सील करून लॅबला जाणार, डायरीत माझ्या नावाची नोंद होणार, आणि रिपोर्ट येईपर्यंत ती नोंद तशीच राहणार.

लॅबला! पुढच्या महिन्यात त्याच सरकारी लॅबमध्ये मी ट्रेनिंगला जाणार होते. आमच्या कॉलेजातून तिघांची नावं लागली होती, त्यात माझं एक. तिथं पाऊल टाकण्याआधी पोलिसांची चारित्र्य पडताळणी होते. डायरीत नाव असलेल्या मुलीला तिथं कोण उभं करणार? ज्या टेबलावर मी बसायचं, त्या टेबलावर माझीच बाटली सीलबंद जाऊन पडणार होती. आणि सरांचं एक वाक्य, "हो, मीच सांगितलं होतं", एवढं पुरे होतं. ते एक वाक्य त्या माणसाच्या तोंडातून निघालं नाही.

चौकीतून फोन गेल्यावर अब्बा आले ते कंपनीच्या करड्या गणवेशातच. नखांत रंग तसाच होता. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रक्त माझं नाही ना एवढं डोळ्यांनीच तपासलं, आणि हवालदारांपुढं हात जोडले.

"साहेब, पोरीची गलती झाली. माफ करा."

"कसली गलती, अब्बा?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय केलंय?"

"चुप."

"चुप का? तो माणूस खोटं बोलला आणि माफी तुम्ही मागताय?"

"सदफ, चुप बैठ बोल्या ना."

जोडलेले हात त्यांनी खाली घेतले नाहीत. मला सरांचा राग होता, पण त्या क्षणी त्या जोडलेल्या हातांचा त्याहून जास्त आला. आपल्या बापाचा असा राग यावा, याचाही आला.

हवालदार मात्र विरघळले. त्यांनी अब्बांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आवो, मी काय दुश्मन हाय का तुमचा? सोपा मार्ग सांगतो. रक्ती करायला नेत व्हती म्हना. आमच्या घरी मंडळी कांदा घालून, तिखट घालून अशी झकास रक्ती करती, बोटं चाटत ऱ्हाल! लोक नेत्यातच की बाटलीत भरून. त्यात गुन्हा कसला? घरी खान्यासाठी व्हतं, असं लिहितो. सही करा, विषय मिटला."

तो माणूस खरंच मनापासून सांगत होता. त्याच्या घरात जे चालतं, ते मटण खाणाऱ्या प्रत्येक घरात चालत असणार, असं त्याला वाटलं. आमच्यात रक्त हराम आहे. हराम म्हणजे नुसतं वर्ज्य नाही, नावही काढायचं नाही. मटण घरी आलं की अम्मी ते धुते, पुन्हा धुते, पाणी नितळ होईपर्यंत धुते. शेजारच्या शमशाद खाला तिला चिडवतात, बस कर, आता चवसुद्धा धुऊन काढशील! प्रॅक्टिकलवरून आले की मी मोरीत कपडे बदलून मगच घरात पाऊल टाकते. या अभ्यासाला रक्ताला हात लावावा लागतो, हे अब्बांच्या गळी उतरवायला मला वर्ष लागलं. उतरल्यावर मात्र ते माझ्या बाजूनं भांडले. मोहल्ल्यात कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, "पढ़ाई है उसकी, तुमकू क्या तकलीफ?"

"साहेब, आमच्यात रक्त..." मी सांगायला तोंड उघडलं.

"सदफ!" अब्बा मध्येच म्हणाले. "एक लफ़्ज़ नक्को."

"अब्बा, झूठ है ये! और ये वाला झूठ? लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "लॅब में जाना है ना तेरेकू?"

 जायचंच होतं. सिल्लोडच्या शाळेपासून मी तिथंच निघाले होते.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "जे व्हायचं ते होऊ दे."

"तेरी सही मांग्या कौन?" अब्बा हवालदारांकडं वळले. "साहेब, जबाब माझ्या नावानं लिहा. मीच आणायला सांगितलं होतं. माझ्यासाठी."

हवालदारांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं. "मी शेख नवाब लिहून देतो की, आमचे घरी बकऱ्याचे रक्त शिजवून खाण्याची पद्धत असून सदरचे रक्त मी स्वतः खाण्यासाठी माझे मुलीस आणावयास सांगितले होते. माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही."

अब्बांनी पेन घेतलं. कागदावर टेकवलं आणि थांबले.

"का हो? काय चुकलं का?" हवालदारांनी विचारलं.

"नाही साहेब," अब्बा म्हणाले. "बरोबर आहे."

आणि त्यांनी सही केली. त्यांची सही उर्दूत असते. हवालदारांना ती आवडली, तसं ते म्हणालेही. सारजाबाई उठल्या, जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जाऊ दे लेकरा, लुगडं धुतलं की जातंय." 

बाहेर आल्यावर अब्बांनी गाडी घराकडं वळवली नाही. "तेरा कॉलेज किधर से?" एवढंच विचारलं.

सोमनाथ सर स्टाफरूममध्ये पेपर वाचत होते. आम्हाला पाहून उभेच राहिले. "मिटलं ना? बसा, बसा. चहा मागवतो. तुमची मुलगी फार हुशार आहे हो."

"सर, एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला," मी म्हणाले. माझा आवाज चढलाच. "एकच वाक्य. तेही बोलवलं नाही?"

"तुला कळत नाही सदफ. चौकशी लागली असती माझ्यामागं. प्राचार्यांना काय सांगणार होतो मी?"

"आणि माझ्यामागं लागली ती? माझ्या अब्बांनी काय लिहून दिलंय, माहितीये तुम्हाला? त्यांनी लिहून दिलंय की ते..."

अब्बांनी माझं मनगट धरलं. इतक्या जोरात त्यांनी मला कधी धरलं नव्हतं, लहानपणी रस्ता ओलांडतानासुद्धा नाही.

"साहेब," ते सरांना म्हणाले, "पोलिसांकडं काही नोंद नाही. लॅबच्या लिस्टमध्ये हिचं नाव आहे ना?"

"आहे ना! अहो, आहेच. ते कशाला काढू मी?"

"राहील ना?"

"राहील. शब्द देतो."

"शुक्रिया," अब्बा म्हणाले.

शुक्रिया! त्या माणसाला! जिन्यावरून उतरताना मी अब्बांना काय काय बोलले, ते मी इथं लिहीत नाही. भेकड म्हणाले, एवढं सांगते. ते पुढं चालत राहिले, गाडीला किक मारली आणि मी बसायची वाट बघत थांबले. 

घरी आलो. अम्मीला त्यांनी सांगितलं, पोरीच्या हातून बाटली सांडली, बाकी काही नाही. मी मोरीत ओढणी चोळत बसले. पाणी गुलाबी होत गेलं, माझ्या तोंडातून एकेकाच्या नावानं शिव्या निघत राहिल्या, निम्म्या मराठीत, निम्म्या आमच्या बोलीत. सरांना दिल्या, हवालदारांना दिल्या, वळून माझ्याकडं बघणाऱ्या त्या वर्गाला दिल्या.

संध्याकाळी मगरिबची अज़ान झाली तेव्हा अब्बा अंगणातल्या नळाशी वजू करायला बसले. मी टॉवेल घेऊन मागं उभी राहिले. माफी मागायची होती, पण राग अजून उतरला नव्हता. नमाजाआधी असे हात धुतात, मग तीनदा चूळ भरतात, मग नाक, मग चेहरा. अब्बांनी हात धुतले. तीनदा चूळ भरली. मग चौथ्यांदा भरली. मग पुन्हा. घशापर्यंत पाणी नेऊन खळखळून टाकली, बोटानं हिरड्या घासल्या, परत ओंजळ भरली.

मशिदीतली नमाज सुरू झाल्याचं लाउडस्पीकरवर ऐकू येत होतं.

"अजी, नमाज़ निकल जाएगी," अम्मी आतून म्हणाली. "कितना धोते?"

अब्बांनी पुन्हा नळाखाली ओंजळ धरली.