साठ, सत्तर, ऐंशी

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. बशीएवढी एक गोल पत्र्याची तबकडी आहे, काळीभोर. तिच्या कडेने पांढऱ्या रंगात आकडे काढायचे आहेत: शून्य, दहा, वीस, असं करत ऐंशीपर्यंत. आकडा केवढा, तर तांदळाचे दोन दाणे शेजारी ठेवावेत तेवढा. ब्रशला केस जेमतेम पाच-सहा. श्वास घेतला की हात हलतो, आणि हात हलला की आकडा बिघडतो. मग कराल काय? श्वास सोडायचा, आणि पुढचा घेण्याआधी जी क्षणभर उसंत मिळते, तेवढ्यात आकडा काढून मोकळं व्हायचं. साध्या पेन्सिलीने करून बघा एकदा. साधा 'दोन' काढताना नाकी नऊ येतील.

आपल्या गोष्टीतल्या मुलीची आई हेच काम करायची. जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या माणसांचा एक क्लब होता, आणि त्या क्लबात कुणाच्या गाडीचं बिल्ला-चिन्ह झिजलं, वेग दाखवणाऱ्या काट्यामागची तबकडी पुसट झाली, कुठल्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचा गंजलेला बोर्ड सापडला, की तो आईच्या टेबलावर यायचा. घरात बसायला खुर्ची कमी आणि तेलाचे जुने डबे जास्त. बाबा म्हणायचे, "आपल्याकडे पाहुणा आला तर त्याला आधी रंगवावं लागेल, मग बसवावं लागेल."

मुलीला क्लबातले सगळे 'पानाताई' म्हणत. चालायला लागली तेव्हापासून तिच्या हातात नटबोल्ट फिरवायचा एखादा पाना असायचाच. तोही नेमका चुकीच्या मापाचा.

एका वर्षी आई आजारी पडली. आजाराचं नाव लांबलचक होतं. पानाताईला त्यातलं एवढंच कळलं की आईचा उजवा हात ऐकेनासा झालाय, सारखा थरथरतो. तेव्हा टेबलावर तबकडी होती ती त्यांच्या स्वतःच्याच गाडीची. बाबांनी भंगारातून आणून वर्षानुवर्षं जोडत आणलेली ती हिरवी गाडी. पन्नासपर्यंतचे आकडे आईने आजाराआधीच काढून ठेवले होते, छापल्यासारखे. पुढचे तीन राहिले होते.

एका दुपारी, बाबा कामावर गेलेले असताना, आईने तिला हाक मारली.

"ये इकडे. माझं मनगट धर."

"असं?"

"चोर पकडलास का? दुधाचं भरलेलं पातेलं उचलतेस ना, तसं धर. हं. आता मी श्वास सोडला की तूही सोड."

दोघींनी श्वास सोडला. साठ निघाला, पण एका बाजूला कलला. सत्तरला खालून भलताच जाड पाय फुटला. ऐंशी तर लंगडतच आला. पानाताईला रडू फुटायच्या बेतात होतं. आईने मात्र तबकडी लांब धरून पाहिली आणि तिला हसू आवरेना.

"पुसू का गं?" पानाताईने विचारलं.

"खबरदार. अगं, आपली गाडी उतारावरसुद्धा चाळिशी गाठत नाही. ऐंशीकडे बघणार कोण? आपण दोघी."

त्यानंतर आईने ब्रश हातात घेतला नाही. पावसाळा संपता संपता ती गेली. त्या दुपारची गोष्ट बाबांना सांगायची राहूनच गेली. आधी आई होती म्हणून, आणि नंतर आई नव्हती म्हणून. बाबांना वाटायचं, शेवटचे आकडे तिने एकटीने, कसेबसे काढले असावेत. तबकडी टेबलावर एका मोठ्या काचेच्या वाटीखाली झाकलेली असायची. शाळेतून आलं की पानाताई वाटी उचलायची, साठ, सत्तर, ऐंशी बघायची आणि पुन्हा झाकायची. घरात आईचे फोटो होते, साड्या होत्या. पण आई आणि ती, दोघींच्या हाताचं एकत्र असं हे एवढंच होतं.

क्लबाचं वर्षाचं प्रदर्शन जवळ आलं. गाड्या मैदानावर ओळीने उभ्या राहायच्या, परीक्षक भिंग घेऊन फिरायचे, चुकीचा स्क्रू दिसला तरी गुण कापायचे. आणि क्लबाचा एक जुना नियम होता. गाडीपुढे पाटी लावायची आणि ज्यांनी ज्यांनी त्या गाडीवर हात चालवला, त्यांची नावं कामासकट तिच्यावर लिहायची. इंजिन कुणाचं, शिवण कुणाची, रंग कुणाचा.

क्लबातले पॉलिशकाका घरी आले. खरं काम त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं, पण हाताला लागेल ते घासून चकचकीत केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. क्लबात म्हणत, काकांच्या घरातलं मांजरसुद्धा आरशासारखं आहे, त्यात बघून दाढी करता येते. आईचे आणि त्यांचे वाद व्हायचे. "वहिनी, थोडं अजून चमकवा ना," ते म्हणायचे. "भावोजी, तुम्ही चंद्रालाही सोडणार नाही," आई म्हणायची.

"गाडी बाहेर काढ," काका बाबांना म्हणाले. "वर्षभर ताडपत्रीखाली आहे बिचारी. पाटीवर वहिनींचं नाव लिहू."

"तबकडी बसवायची राहिलीय," बाबा म्हणाले. "माझ्याने नाही होणार."

"मी बसवतो. काटा, काच, सगळं."

पानाताईने वाटीवर हात ठेवला होता. "फक्त बसवायची ना, काका?"

"फक्त बसवायची, पानाताई. देवाशपथ."

तिने हात काढला.

आता पुढचं नीट ऐका, म्हणजे काकांवर रागवायची घाई होणार नाही. काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि त्यांना ते तीन आकडे दिसले. घड्याळवाल्याच्या भिंगाखाली राईचा पर्वत होतो. त्यांच्या मनात आलं, पाटीवर वहिनींचं नाव असणार. परीक्षक वाकून बघणार. 'हे काम कुणाचं?' विचारणार, आणि हसणार. जिच्या हातच्या बारकाव्यासाठी लोक लांबून बोर्ड घेऊन यायचे, तिच्या हाताला शेवटी नावं ठेवली जाणार. ते त्यांना सहन होईना. त्यांच्याकडे वहिनींनीच पूर्वी रंगवलेली एक तबकडी होती. ती समोर ठेवून, तिचं वळण गिरवून गिरवून, त्यांनी साठ, सत्तर, ऐंशी पुसून नव्याने काढले. घासून चमकवायच्या नादात नव्हे, मायेने. कुठल्याही परक्या माणसाला फरक कळला नसता.

रविवारी सकाळी त्यांनी तबकडी गाडीत बसवली. क्लबातले चार-पाच जण अंगणात जमले होते. बाबा वाकले, बघत राहिले.

"अगदी तिच्याच हातचं," ते म्हणाले. "आजाराच्या आधीसारखं."

"चल गं पानाताई, बस ड्रायव्हरच्या जागी," काका म्हणाले. "काम पास की नापास?"

ती बसली. पाय पोचत नव्हते. तिने स्टिअरिंगच्या दांड्यांमधून तबकडीकडे पाहिलं.

"काका, साठ कुठे गेला?"

"हा काय! दिसत नाही होय?"

"हा नाही. आमचा."

"आमचा म्हणजे?" बाबांनी विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. दुपार, दुधाचं पातेलं, दोघींचा श्वास, आईचं हसू. रडत नव्हती. वर्गात बाईंनी उभं केलं की उत्तर द्यावं तसं सांगत होती, स्टिअरिंगकडे बघत. अंगणातली माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. बाबा दाराच्या पायरीवर खाली बसले. त्यांना तर ते हसूसुद्धा आजच कळत होतं.

काकांचं तोंड पांढरंफटक पडलं. "पोरी, मला वाटलं... लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून..." त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, परत ठेवला, परत काढला. "आत्ता पुसतो. तू काढ पुन्हा. मी तुझ्या मनगटाला आधार देतो."

"तुमचा हात थरथरत नाही," पानाताई म्हणाली. टोमणा नव्हता तो. खरं तेच म्हणाली.

मग तिने विचारलं, "कशाने पुसलंत?"

"थिनरने. फडक्यावर घेऊन."

"फडकं कुठाय?"

काकांचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. काका पुढे, ती मागे, आणि बरंच मागून बाबा. आत टेबलाखाली एक पत्र्याचा डबा होता, टाकाऊ फडक्यांनी गच्च भरलेला. काका गुडघ्यांवर बसले आणि एकेक फडकं काढून उजेडात धरू लागले. तेलाचं. ग्रीसचं. पितळ घासून काळं झालेलं. फरशी फडक्यांनी भरली. तळाशी एक सापडलं, जुन्या शर्टाचा तुकडा, वाळून पापडासारखा कडक झालेला, मधोमध पांढरट डाग.

तिने तो दोन्ही हातांनी घेतला. नाकाशी नेला. थिनरचाच वास होता, दुसरा कसलाच नाही.

"यात साठ कुठला?"

काका माझ्यासारखे म्हातारे नव्हते, पण त्या वेळी दिसले. खोटं बोलणं सोपं होतं. डागाच्या एका टोकाला बोट लावायचं, की झालं. त्यांनी ते केलं नाही.

"नाही सांगता येत, बाळा," ते म्हणाले. "सगळं एकात एक झालंय."

बाबा दारात येऊन थांबले होते. त्यांना आत येववेना. काका फरशीवर तसेच बसून राहिले, हात मांडीवर उताणे टाकून. उठावं हेही त्यांना सुचत नव्हतं.

पानाताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने तो कडक तुकडा घडी न घालता शाळेच्या पाटीसारखा काखेत धरला, खाली बसली, आणि मोकळ्या हाताने फरशीवरची बाकीची फडकी एकेक करून डब्यात परत भरायला लागली.