पोपटीभाभींचा अबोला

भादुरीदांचे लागोपाठ तीन पिक्चर नवरा-बायकोवर निघाले आणि तिन्ही चालले, तेव्हा शहरातल्या संसाराची नाडी या माणसालाच सापडली आहे असं पेपरवाल्यांनी ठरवून टाकलं. तिन्हींचे संवाद माझे होते, पण माझ्याबद्दल कुणी काही ठरवलं नाही. मी ब्रजेश निगम, मूळचा कानपूरचा. मुंबईत तेव्हा बावीस वर्षं झाली होती. माझी बायको शाळेत गणित शिकवायची. माझे पिक्चर ती मध्यंतरापर्यंत बघायची, मग तिला पेपर तपासायचे असायचे.

भादुरीदांचा स्वतःचा संसार असा, की ते वांद्र्याला एका गेस्ट हाउसात राहत आणि बायको कलकत्त्याला. दुर्गापूजेला आठ दिवस ते तिकडे जात, नाताळात ती इकडे येई, आणि दोघांचं इतकं गोड जमे की बघणाऱ्याला हेवा वाटावा. एवढ्या अनुभवाच्या जोरावर सत्याहत्तर साली त्यांनी चौथा पिक्चर काढायला घेतला.

निर्माते छेडाशेठ म्हणाले, "सेट कशाला बांधता? अख्खी मुंबई फ्लॅटमध्ये राहते. त्यातला एखादा बघा ना."

आणि त्यांनीच बघितला. खारला, तिसऱ्या मजल्यावर. मालक अर्जन गिदवाणी, विजेच्या पंख्यांचं दुकान, वय पंचावन्नच्या पुढे. आमची हिरॉईन मोहना राय एक दिवस त्यांच्याकडे जेवेल, एवढीच त्यांची अट होती. छेडाशेठनी ती मोहनाला न विचारताच मान्य केली. गिदवाणींनीही तसंच केलं होतं. बारा दिवस घर देतोय हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी पोपटीभाभींनी दार उघडलं तेव्हा त्यांचे हात पिठाने भरलेले होते. जिन्यात आम्ही वीसेक माणसं, डोक्यावर दिवे, खांद्यावर तारांची वेटोळी. त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

मागून गिदवाणी बनियनवर धावत आले. "कुणी गेलं नाही गं! शूटिंग आहे. आपल्याकडे!"

भाभी आत वळल्या. सिंध्यांच्या घरी आलेल्या माणसाला आधी पापड आणि पाणी द्यायची रीत आहे. त्यांनी एवढ्या सगळ्यांना पापड भाजून दिले, लाइटवाल्यांनासुद्धा. आम्हाला वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे. मग भादुरीदांनी हॉल बघितला. मधोमध पितळी साखळ्यांचा भला मोठा लाकडी झोपाळा होता. भाभी त्याला पींघो म्हणत.

"हा काढा," भादुरीदा म्हणाले. "आपलं जोडपं मध्यमवर्गीय आहे."

चार जणांनी तो उतरवून गॅलरीत उभा करून ठेवला. भाभींनी झोपाळ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. तिथून पुढे त्या गिदवाणींशी बोलेनाशा झाल्या.

हॉलमध्ये कॅमेरा, एका खोलीत मेकअप, दुसऱ्या छोट्या खोलीत हे अबोल जोडपं. मला लिहायला जागा उरली ती स्वयंपाकघरातली. ओट्याशेजारी स्टुलावर बसून मी संवाद घासत असे, आणि रिकामा दिसतो म्हणून टपालाचं काम माझ्या गळ्यात पडलं. भाभी मला अदा म्हणायच्या, म्हणजे भाऊ.

"अदा, त्या बाहेरच्या माणसाला सांगा, रक्तदाबाची गोळी डब्यात आहे."

बाहेरचा माणूस दारातच उभा होता. "मला ऐकू आलं."

"अदा, त्यांना सांगा, मी त्यांच्याशी बोलत नव्हते."

"निगमसाहेब, हिला विचारा, गोळी जेवणाआधी की नंतर?"

"तेरा वर्षं घेताहेत, म्हणावं. नंतर."

पहिले दोन दिवस मी हे सगळं पोचवलं. तिसऱ्या दिवसापासून नुसती मान इकडून तिकडे फिरवायचो, तेवढ्यावर दोघांचं भागत होतं.

पाचव्या दिवशी आमचा मुख्य प्रसंग होता. बायकोला नोकरीचं पत्र येतं आणि नवरा ते दोन दिवस लपवून ठेवतो. तिला पत्र सापडतं आणि ती नवऱ्याला जाब विचारते, अशी गोष्ट. हे भाषण मी अकरा दिवस लिहीत होतो. चांगलं दोन पानी होतं. त्यात बाई म्हणजे भिंतीतली खिडकी, वारा सगळ्यांना हवा पण खिडकीला कुणी विचारत नाही, असं बरंच काही होतं. ते वाचून छेडाशेठच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अर्थात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

मोहना मन लावून बोलत होती. हीरो किरीट सबरवाल खाली मान घालून, आपला चांगला गाल कॅमेऱ्याकडे करून उभा होता. ती भाषणातल्या खिडकीपाशी आली आणि स्वयंपाकघराच्या दारातून कुणीतरी खुदकन हसलं.

"कट!" भादुरीदा ओरडले. "कोण हसलं?"

"मी," पोपटीभाभी म्हणाल्या. हातात लाटणं होतं.

मोहना तडकली. "हसण्यासारखं काय झालं?"

"बाळ, तू छान बोललीस गं. पण इतकं पाठ करून कोण भांडतं? आणि मध्येच खिडकी कुठून आली?"

"ती उपमा आहे, भाभी," मी म्हणालो.

"असेल. पण रागात बाईला खिडकी आठवत नाही, अदा. रागात तिला तारखा आठवतात."

भादुरीदा खुर्चीतून उठले. "तारखा? कसल्या तारखा?"

भाभींनी लाटणं टेबलावर ठेवलं. गिदवाणी कोपऱ्यात युनिटच्या नाश्त्याची बशी घेऊन उभे होते. भाभी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलल्या.

"अठ्ठेचाळीस साल. नोव्हेंबर. कल्याणचा कॅम्प सोडून तुम्ही इकडे खोली घेतलीत. मला कधी कळलं? टांग्यात बसल्यावर."

गिदवाणींनी बशी खाली ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही.

"छपन्न. माझ्या भावाला दुकानातून काढलंत. मला कुणी सांगितलं? भावाने. एकाहत्तर, मार्चची नऊ तारीख. आपल्या लाजूचं लग्न हाँगकाँगला ठरवलंत. मी खीर ढवळत होते. तुम्ही आत येऊन म्हणालात, साखर जास्त घाल, पाहुण्यांचा होकार आलाय. आणि आता हे. माझ्या घरात वीस माणसं शिरली आणि मला वाटलं, शेजारी कुणीतरी मेलं."

"तुला आनंद होईल असं वाटलं मला," गिदवाणी पुटपुटले.

"वाटलं! एकतीस वर्षं तुम्हाला वाटतंच आहे. एकदा विचारून बघायचं होतं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"म्हणून तर नाही विचारलं."

इतकं खरं उत्तर त्या हॉलमध्ये पाच दिवसांत कुणी दिलं नव्हतं. मी तर तसलं एकही लिहिलं नव्हतं. शिडीवरचा लाइटवाला वरूनच म्हणाला, "बरोबर आहे भाभींचं." त्याला कुणी गप्प केलं नाही.

गिदवाणींनी पुन्हा धीर केला. "पण लाजूच्या लग्नाला तरी तू नाही म्हणाली नसतीस. मुलगा हिरा आहे."

"नसते म्हणाले," भाभींचा आवाज एकदम खाली आला. "पण मग ते लग्न मीसुद्धा ठरवलं असतं ना."

भादुरीदांनी मला कोपर मारलं. "निगम, लिही!" मी लिहीतच होतो. माझ्या अकरा दिवसांच्या भाषणाच्या पाठीवर लिहीत होतो, आणि माझा जळफळाट चालला होता. आम्ही अक्षरं जुळवत आयुष्य घालवायचं आणि पोळ्या लाटता लाटता एक बाई येऊन सगळं उरकून जाणार!

भाभींचं लक्ष गेलं. "काय लिहिताय, अदा?" त्यांनी कागद हातातून घेतला आणि चष्मा न लावता लांब धरून वाचला. "'आनंद होईल' मी नाही म्हणाले, हे म्हणाले. आणि 'नोव्हेंबर'च्या आधी मी थांबले होते. तिथे टिंब द्या."

मी टिंब दिलं.

भादुरीदा पुढे आले. त्यांनी पाइप तोंडातून काढला. "भाभी, हे आम्ही पिक्चरमध्ये वापरू का?"

भाभी पदराला हात पुसत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. हात तसे कोरडेच होते. छेडाशेठ घड्याळ बघायला लागले, मोहनाने त्यांच्यावर डोळे वटारले.

"वापरा," शेवटी भाभी म्हणाल्या. "पण कॅम्प नको. लाजूचं नाव नको. आणि माझा पींघो आत्ताच्या आत्ता जागेवर लावा."

"भाभी, झोपाळा मध्यमवर्गीय घरात—"

"मग आम्ही कोण आहोत?"

झोपाळा लागला. दुपारनंतर मोहना त्यावर बसली आणि एकेक तारीख मोजत नवऱ्याचा हिशेब काढू लागली. पहिल्या वेळी ती साल विसरली, दुसऱ्या वेळी साखळी करकरली, तिसऱ्या वेळी जमलं. किरीट मात्र रुसून बसला. "दादा, या अख्ख्या प्रसंगात मला वाक्यच नाही. मी करायचं काय?"

गिदवाणी आपणहून त्याच्याजवळ गेले. "साईं, तुम्ही नुसते उभे राहा. मला तरी दुसरं काय सुचलं?"

किरीटने मग तो प्रसंग गिदवाणींकडे बघून बघून केला. बशी धरायची पद्धतसुद्धा उचलली. त्याच्या सबंध कारकिर्दीत तेवढाच एक प्रसंग त्याने बरा केला आहे, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

अबोला संपला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. संध्याकाळी चहाच्या वेळी भाभी म्हणाल्या, "अदा, त्यांना सांगा, चहा गार होतोय."

"आता निगमसाहेब कशाला मध्ये?" गिदवाणी काकुळतीला आले. "सगळ्या दुनियेसमोर बोललीस की माझ्याशी!"

"अदा, त्यांना सांगा, ते भांडण होतं. बोलणं नव्हतं."

तो अबोला आणखी सात दिवस टिकला. मधल्या काळात मोहना ठरल्याप्रमाणे जेवायला बसली. साईभाजी आणि कोकी यांच्यावर तिने असा हात मारला की तिच्या ब्लाउजचे टाके उसवावे लागले. गिदवाणींनी ज्यासाठी घर दिलं होतं तो दिवस उजाडला, पण सबंध जेवणभर मोहना आणि भाभी एकमेकींशीच बोलत होत्या. गिदवाणी वाढत होते.

बाराव्या दिवशी सामान उतरत असताना मी स्वयंपाकघरात कागद गोळा करत होतो. गिदवाणी दारात येऊन घसा खाकरत उभे राहिले.

"पोपटी, माणसं निघाली आहेत. चहा ठेवू का?"

मी सवयीने भाभींकडे मान वळवली. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "तुम्हाला येतो?"

"नाही."

"मग विचारता कशाला?"

"विचारून बघितलं," गिदवाणी म्हणाले.

भाभी हसल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग तो सोडून. मी माझे कागद घेऊन तिथून सटकलो.

पिक्चर एकोणीस आठवडे चालला. झोपाळ्यावरच्या त्या प्रसंगाबद्दल पेपरात रकानेच्या रकाने आले. संसाराची नाडी पुन्हा भादुरीदांनाच सापडली होती. पण यंदा संवादांचंही कौतुक झालं. कुठल्याशा संघटनेने मला पितळी बाहुली दिली, आणि मी ती घेतली. बायकोने पहिल्यांदाच पिक्चर शेवटपर्यंत बघितला आणि घरी येताना एवढंच विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" सतरा वर्षांच्या संसारात तिने मला इतकं अचूक कधी पकडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी खारला गेलो. गिदवाणी खुर्चीवर बसून दुकानाच्या वह्या चाळत होते. भाभींनी पेढा घेतला.

"बघितलात पिक्चर?" मी विचारलं.

"दोनदा. बरा आहे. पण शेवटी तो नवरा रडून माफी मागतो ते खोटं आहे, अदा. माफी कोण मागतं?"

"मग इकडे काय झालं?"

"इकडे विचारणं सुरू झालं!" भाभींनी कपाळाला हात लावला. "आज दाढी करू का? पाणी माठातलं पिऊ का? निळा सदरा घालू की पांढरा? सकाळपासून जीव खातात. परवा मला दुकानात घेऊन गेले. म्हणे, यंदा पंखे कुठल्या रंगाचे मागवू?"

"मग काय सांगितलंत?"

"तपकिरी. पांढरे मळतात."

गिदवाणींनी वहीतून डोकं वर काढलं. "तपकिरीच मागवले, निगमसाहेब. दोनशे. एकसुद्धा खपत नाहीये."

"उन्हाळा येऊ द्या की," पोपटीभाभी म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा पेढा उचलला.