दोनशे चाळीस घरांचा निरोप

सकाळी सहाला डेअरीत दूध मोजत होते, तेवढ्यात मोबाइलवर फोटो आला. वनखात्यानं ओढ्याकाठच्या झाडाला बांधलेला कॅमेरा स्वतःच फोटो पाठवतो. गवा! काळाकभिन्न, आणि चारी पायांत शाळेच्या पोरागत पांढरे मोजे. थेट आमच्या उसात शिरलेला.

लगेच वनरक्षक पूर्णिमाचा फोन. "अक्का, मी निघालेय, दोन-अडीच तास लागत्याल. कुणी मागं लागलं न्हाय तर तो आल्या वाटेनं परत जातोय."

कुणी मागं लागलं नाही तर! गेल्या वर्षी मीच गावच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'गवा आलाय, सावध राहा.' सावध कोण राहतंय? अर्धं गाव मोबाइल धरून उसाकडं पळालं, सगळ्यांत पुढं माझा दीर पिराजी. त्या गलक्याला भिऊन गवा उधळला आणि विहिरीत पडला. वर काढला तेव्हा जीव नव्हता. तुझ्या निरोपानं मेला, असं मला कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

मी महिला दूध संस्थेची सचिव, शाळा सातवीपर्यंत. पण डेअरीच्या मोबाइलवर बटण दाबलं की माझा आवाज दोनशे चाळीस घरांत जातो, हे माझं मी शिकले. नावं निवडून पाठवायलाही.

आधी त्या उसाजवळच्या अकरा घरांना सांगितलं, "गवा हाय. वैरणीला जाऊ नका, घरातच बसा, गलका करू नका."

मग जनावरांच्या डॉक्टरांना फोन. लाळ्या-खुरकुताची लस दोन दिवसांनी द्यायची ठरली होती. "सायेब, आजच या की!" हो म्हणेपर्यंत फोन ठेवला नाही.

मग उरलेल्या गावाला, "डॉक्टर लस घेऊन निघाल्यात. म्हशी बांधून गोठ्यातच थांबा. ज्याचं घर चुकलं, त्याची लस चुकली."

आमच्याकडचा माणूस गवा बघायला ताटावरनं उठेल, पण म्हशीला सोडून जाणार नाही.

तरी पिराजीला कुणकुण लागलीच, डेअरीच्या दारात हजर. "वैनी, गवा आलाय म्हणं?"

"आलाय की. तुमची म्हस कोण धरणार?"

त्याच्या म्हशीनं मागच्या लसीला डॉक्टरांचा चष्मा फोडला होता. "दोन मिन्टात जाऊन आलो असतो, वैनी."

"भावजी, डॉक्टर फाट्यावर हाईत."

गेला बिचारा गोठ्यात.

साडेआठला पुन्हा फोटो आला. तोच कॅमेरा, तोच गवा, पण तोंड जंगलाकडं.

पूर्णिमा धापा टाकत डेअरीत शिरली. "अक्का, कुणी हाकलला त्याला?"

"कुणीच न्हाय!" मी म्हणाले. अख्ख्या पेठेला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं.

मग तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. गव्याची पाठ, आणि पांढऱ्या मोज्यांना आमच्या रानातला चिखल.