शेवटचं रीळ लावायचं न्हाई

साऱ्या मुलखात मी मेलो, फक्त ताडकळसात मेलो न्हाई. हसू नका. परभणीला मेलो, पिंगळीला मेलो, पेडगावात तर एका हप्त्यात चौदा बार मेलो. पण माझ्या गावात मायनं मला मरूच दिलं न्हाई.

नीट सांगतो. मी भुजंग. आठ वर्षांचा होतो तवा कोल्हापूरची एक पिच्चर कंपनी पिंगळीच्या टेशनावर शूटिंगला आली. माय, धुरपताबाई, तिथं पाटीत पेरू घेऊन बसायची आन् मी गाडीच्या खिडक्यांपाशी वरडत फिरायचो. डायरेक्टरनं माझा आवाज ऐकला आन् मायला म्हणला, "बाई, पेरू राहू द्या, लेकरू द्या." मामाला संगं घेऊन तीन महिने कोल्हापुरात राह्यलो.

गोष्ट साधीच होती. गरीब विधवा, एकुलतं एक पोरगं. पोराला ताप भरतो, वैद्य औषध घेऊन दारात येतो, पण तवर उशीर झालेला असतो. पोरगं मायच्या मांडीवर जीव सोडतं आन् त्याचा हात हळूच खाली घसरतो. म्हंजे आमच्याच घरची गोष्ट, निस्तं मरण तेवढं जास्तीचं. तो शॉट मी पहिल्या झटक्यात दिला. डायरेक्टरनं मला उचलून घेतलं आन् म्हणला, "बेट्या, तू लय मोठा होणार." झालो की! पाच फूट दहा इंच झालो.

बहात्तरच्या दुष्काळात सूर्यभानची टुरिंग टॉकीज तो पिच्चर घेऊन गावात आली. माय बायांच्या बाजूला पहिल्या रांगेत, मी तिच्या मांडीवर. पडद्यावर माझा हात घसरला आन् माय मला खाली टाकून उठली, पळत जाऊन पडद्यावर दोन्ही हातांनी बुक्क्या मारायला लागली. "माझ्या जित्या लेकराला मारता का रं मेल्यांनो! किडे पडतील तुमाला!" मी मागून "माय, मी हितं हाय, हितं हाय" म्हणून बोंबलायलतो. तिला ऐकूच येईना. दुसऱ्या दिवशी ती तंबूच्या दारात आडवी झाली. म्हणली, ते रीळ लावलं तर माझ्या अंगावरून जावा.

सूर्यभान भित्रा माणूस. तवापासून ताडकळसचा कायदाच ठरला. वैद्य औषध घेऊन दारात आला की मशीन बंद, पडद्यावर 'आभारी आहोत' लिहिलेली काच, दिवे चालू. बाकीच्या गावांत शेवटचं रीळ लागायचं, आमच्यात ते डब्यातच पडून राह्यचं. गावानं बी हे मानलं. पेडगावात ज्यानं मला मरताना पाह्यलं, त्यानं हितं येऊन तोंड उघडलं न्हाई. दरसाली टॉकीज आली की तोच पिच्चर, वैद्य येणार, पोरगं वाचणार. दिवे लागले की बाया मला मधी घेऊन कानशिलावर बोटं मोडायच्या. शेजारच्या सरजाबाई तर खारीक हातात दिल्याबिगर घरी जायच्या न्हाईत. 

मंग मला मिसरूड फुटलं आन् बोटं मोडणं बंद झालं. सोळाव्या वर्षी कोल्हापूरला गेलो. डायरेक्टर एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा जुन्या फोटूकडं. म्हणला, "डोळे बी त्याचे राह्यले न्हाईत रे." त्याचे म्हणला, तुझे न्हाई. चहा पाजला आन् वाटेला लावलं. गावात आलो तर नामांतराच्या दंगलीमुळं त्या साली टॉकीज लागलीच न्हाई. पुढच्या साली सूर्यभानला दया आली, त्यानं मला जीपमधी बसवून माईक हातात दिला. आठ वर्षं मी गावोगाव वरडत फिरलो, "पाहा, पाहा, बालकलाकार भुजंगचं काळीज फाडणारं काम!" लेकरं जीपच्या मागं पळायची आन् मलाच इचारायची, "काका, तो भुजंग येणार हाय का?" येणार हाय म्हणायचो. दुसरं काय सांगणार?

यंदा सत्त्याऐंशीला गावोगाव व्हिडिओ आला आन् सूर्यभान म्हणला, पुढच्या साली तंबू इकतो. त्याच हप्त्यात बाजाराला माणिकराव आले. त्यांची नाटक कंपनी लय नामी. त्यांचा हिरो सासरवाडीला गेला तो परतलाच न्हाई, म्हणून त्यांना माणूस पाहिजे होता. मी हाटेलात त्यांच्या म्होरं हुभा राह्यलो, नाटकाची दोन पानं घडाघडा म्हणली. ते म्हणले, "आवाज खणखणीत हाय. पण आवाज तर पेरू इकणाऱ्याचा बी असतो. रडून दाखवा." मी रडायलतो, ते सुपारी कातरायलते. चारचौघात लाज वाटली. म्हणलं, "साहेब, सांजच्याला माझा पिच्चर हाय. शेवटचं रीळ बघा, मंग बोला."

सूर्यभानला म्हणलं, आज ते रीळ लाव. तो म्हणला, "आन् तुझ्या मायला कोण सांगणार?"

मी म्हणलं, माय आता गुडघ्यांनी बेजार हाय, चार सालं झाली ती तंबूत येत न्हाई. तिला कळायचं कामच न्हाई. आन् खरं सांगू का, रागच होता माझा तिच्यावर. माझं सगळ्यात नामी काम तिनं पंधरा वर्षं डब्यात घालून ठेवलं. ते गावानं पाह्यलं असतं तर कुणीतरी म्हणलं असतं, हा नट हाय. आमच्या गावात मी निस्तं एक गोड लेकरू होतो, आन् लेकरू मोठं झालं की कोण इचारतं?

पण माझ्या तोंडाला कुलूप कुठलं? माईक हातात आला आन् मस्ती चढली. साऱ्या गावातून जीप फिरवली, "ताडकळसात पहिल्यांदाच! शेवटच्या रिळासहित संपूर्ण पिच्चर!" आमच्या घरावरून जाताना तर आवाज आणिक चढवला. सवयच ती. माय दारात तांदूळ निवडायलती. तिनं वर पाह्यलं. पुढच्या वळणावर माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते.

सातच्या खेळाला तंबू गच्च भरला. माय काठी टेकत आली, पहिल्या रांगेत बसली. मी माणिकरावांच्या शेजारी. वैद्य दारात आला. दरसालच्या सवयीनं मागची दोनचार माणसं धोतर झटकत हुभी राह्यली. पण दिवे लागले न्हाईत, मशीन चालूच राह्यली. आन् माझा हात घसरला.

मी पडद्याकडं पाह्यलंच न्हाई. मी माणिकरावांच्या तोंडाकडं बघायलतो. त्यांनी सुपारी थुंकली. मंग खिशातून दस्ती काढली आन् डोळ्याला लावली. साऱ्या तंबूत हुंदके. मला वाटलं, जितलो! मंग मायकडं पाह्यलं. ती वरडली न्हाई, पडद्याकडं पळाली न्हाई. पदर तोंडावर घेतला, उठली, आन् काठी टेकत एकटीच निघून गेली. तिच्यामागं जायला पाहिजे होतं. न्हाई गेलो. माणिकराव काय म्हणतात ते ऐकायचं होतं मला.

दिवे लागल्यावर माणिकरावांनी दस्ती खिशात घातली. मंग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "असलं मरण मी उभ्या जिंदगीत पाह्यलं न्हाई. काय लेकरू होतं हो!"

"मीच हाय तो, साहेब."

"व्हय, व्हय." त्यांनी माझ्याकडं पाह्यलं, त्या डायरेक्टरसारखंच. "भुजंगराव, राग मानू नका. जे होतं ते समदं ते लेकरूच घेऊन गेलं. तुमच्यापाशी आवाज राह्यला. आमच्याकडं बी जीप हाय, माईक हाय. बघा, पटलं तर या."

घरी आलो तर चूल थंड. माय भिंतीकडं तोंड करून पडलेली. हाक मारली तर तिनं गोधडी डोक्यावर ओढली. मी बी तसाच निजलो.

सकाळी दारात पावलं वाजली. सरजाबाई आल्या, त्यांच्या मागं चतुराबाई, आणिक तिघीचौघी. हातांत फडक्याखाली पिठलं-भाकरी. मयत झालेल्या घरात चूल पेटत न्हाई म्हणून शेजारपाजार आणतात, तशी. मी म्हणलं, "आवं, पिच्चर हाय तो! येडं लागलं का तुमाला? मी हितं धडधाकट बसलोय!"

सरजाबाई म्हणल्या, "माहीत हाय रं बाबा पिच्चर हाय म्हणून. पण रातच्यापासून घास उतरंना. लय लळा होता त्याचा." आन् मला बाजूला सारून मायपाशी जाऊन बसल्या. माय उठली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. चतुराबाई म्हणल्या, किती गोड हसायचं. दुसरी म्हणली, खारीक दिली की कसं पळायचं. कुणी एकीनं बी माझ्याकडं वळून पाह्यलं न्हाई. मी खांबाला टेकून हुभा, ज्याच्यासाठी रडायल्या तोच मी, आन् मला तिथं जागा न्हाई.

येळानं मायनं डोळे पुसले. भाकरीवर पिठलं घातलं आन् माझ्या म्होरं धरली. जन्मभर मला बाळ्या म्हणायची ती. म्हणली, "खा भुजंगा. रातचा उपाशी हाईस तू." मंग हळूच म्हणली, "त्याच्यापायी पंधरा वर्षं भांडले मी. तुझ्याकडं बघायचं राह्यलंच."

घास तोंडात घेतला आन् मला रडू फुटलं. माणिकरावांच्या म्होरं आलं न्हाई तसलं, खरंखुरं. सरजाबाईंनी सरकून मला जागा करून दिली. मी त्यांच्यात बसलो आन् त्यांच्यासंगं त्या लेकरासाठी रडलो. लय चांगलं काम करायचं ते.