जागट्याचा तडा

बंगळुरातल्या आमच्या मराठी बायकांच्या भजनी मंडळात एक काशाचं जागटं होतं. जागटं म्हणजे आरतीला लाकडी मोगरीने वाजवायची जाड तबकडी. ते दर महिन्याला एकेकीच्या घरी राहायचं. चिंचेने घासायचं आणि पुढच्या घरी चारजणींसमोर वाजवून द्यायचं, अशी रीत. त्र्याण्णव साली श्रावणात पाळी माझी होती. द्यायच्या तीन दिवस आधी ते ओल्या हातातून निसटून न्हाणीच्या फरशीवर पडलं.

उचलून वाजवलं. एरवी त्याचा नाद कितीतरी वेळ घरभर फिरायचा. आता नुसती चरचर.

"पितळ असतं तर पोचा आला असता," आमचे हे म्हणाले. "काशाला पोचा येत नाही, तडाच जातो. कृष्णवेणीअक्काला काय सांगणार?"

तेच तर! अक्का मंडळाची अध्यक्ष, आणि पुढची पाळीही तिचीच. कुणाचा ताल चुकला तर भजन थांबवून ती विचारायची, "तुझ्या घरी घड्याळ तरी आहे का ग?" तिच्यापुढे फुटकं जागटं कसं वाजवणार?

दुसऱ्या दिवशी मी ते पिशवीत घालून चिकपेटेत देवाप्पाकडे गेले. तो निपाणीकडचा, भांडी दुरुस्त करायचा.

"डाग देऊन जोड. कुणाला कळता कामा नये."

"डाग दिला तर मुकं होईल, अक्का. भोक पाडायला पाहिजे."

"अरे, फुटलेल्याला आणखी भोक?"

"स्वल्प थांबा की."

त्याने तबकडीला रॉकेल लावलं, पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. तड्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू वर आलं आणि पांढऱ्या पुडीत केसाएवढी काळी रेघ उमटली. तिच्या टोकावर त्याने नख ठेवलं.

"वाजवलं की सगळं जागटं थरथरतंय. त्या थरथरीनं तडा टोकाकडनं रोज पुढं सरकणार. टोकावर गोल भोक पाडलं की थांबला. मग तड्यातनं करवतीचं बारीक पातं फिरवतो, म्हंजे कडा एकमेकींवर घासणार न्हाईत. चरचर त्याचीच हाय."

मग त्याने तबकडी फिरवली आणि हसला. "दोनदा पाडलं काय, अक्का?"

पलीकडच्या कडेला दुसरी रेघ होती. आखूड, आत काळा मळ बसलेला.

"ही जुनी हाय. मळानं घट्ट बसली, म्हणून चरचरली न्हाई. दोन वर्षांची तरी असंल."

"तिलाही भोक पाड," मी म्हटलं.

परत येताना मनात आलं, आधीपासून फुटकंच होतं म्हणावं, कोण विचारतंय? पण पायऱ्या चढेपर्यंत ते काही पटेना.

शनिवारी अक्काकडे बायका जमल्या. तिने जागटं हातात घेतलं मात्र, "ही भोकं कुणी पाडली ग?"

"मीच पाडून आणली, अक्का. माझ्या हातून पडलं. हे भोक माझ्या तड्याचं."

"आणि हे दुसरं?"

"तो तडा जुना निघाला. देवाप्पा म्हणाला, दोन वर्षांचा असेल."

अक्का खिडकीपाशी गेली. त्या भोकावर तिने करंगळी ठेवली.

"चार," ती म्हणाली.

"काय चार?"

"चार वर्षं झाली. माझ्याच हातून, ह्याच घरात." मग वळून सगळ्यांना म्हणाली, "बघताय काय? हसा की!" आणि पहिली तीच हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग तिने दोरी धरून मोगरी मारली. नाद पूर्वीइतका लांबला नाही, पण स्वच्छ निघाला. आम्ही सगळ्या तो विरेपर्यंत ऐकत राहिलो. आरती म्हणायला कुणी सुरुवातच केली नाही, म्हणून अक्काने पुन्हा वाजवलं.